घड्याळातली हळद

परवा रविवारी अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, जनता एकदाची उघडली. एकदाची म्हणतोय कारण गेली सहा वर्षं मी आल्यागेल्याची जुनी घड्याळं बघतोय, साफ करतोय, जमेल तेवढं करून पुढचं आमच्या घड्याळजी मामांकडं नेतोय, आणि आमच्या घरातलं हे एक तेवढं कपाटाच्या वरच्या कप्प्यात पेढ्याच्या खोक्यात कापसात गुंडाळून तसंच पडलेलं. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. हात लावायचं मनात आलं की वाटायचं आधी हात बसू दे, मग बघू.

जनता म्हणजे एचएमटी जनता, हे नवीन पोरांसाठी सांगतो. १९६१ साली बेंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला, पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली, आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं आपल्याकडं लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटीच. २०१६ च्या जानेवारीत सरकारनं ती कंपनी बंद करायचं ठरवलं ते वाचून त्या दिवशी खरंच वाईट वाटलं होतं. आमच्या आजोबांनी १९७७ ला अण्णांना ही जनता दिली. पांढरी डायल, खाली देवनागरीत जनता लिहिलेलं, सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आत घासणाऱ्या जागी बसवलेले बारीक खडे) हातानं चावी द्यायचं मशीन. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, सकाळी निघताना चावी द्यायचे, मोजून, आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

तर रविवारी काय झालं. मागचं झाकण बोथट चाकूनं उचकटलं (दाबून बसवलेलं असतं, आटे नसतात), मशीन डायलसकट बाहेर काढून डबीत झाकून ठेवलं, काच काढली, आणि नुसती केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं घर) आणि झाकण घेऊन बसलो. झाकणाच्या कडेला जी खाच असते ना, जिथं ते केसवर बसतं, तिथं आणि पट्टा अडकतो त्या चार कानांच्या आतल्या बाजूला मळ साचलेला, पिवळट तपकिरी, घट्ट. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा घाम आणि धूळ, त्यात नवल काही नाही. भांड्याचं लिक्विड संपलेलं म्हणून आईकडनं कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा घेतला, कोमट पाण्यात घोळवला, मऊ टूथब्रश बुडवून खाचेतनं एकदा फिरवला तर फेस लाल. अगदी कुंकू कालवल्यासारखा लाल. माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं गंज, झाकण आतनं खाल्लंय, गेलं हे.

मग ब्रश थांबवला आणि भिंग डोळ्याला लावून बघितलं. गंज असला की धातूला खड्डे पडतात, बारीक मुंग्यांनी कुरतडल्यासारखे. इथं एक खड्डा नाही, झाकण खाली गुळगुळीत, स्टीलचं. आणि गंज आधीच तांबूस असतो, साबण लावल्यावर लाल होत नाही. मी तसाच बसलोय ब्रश हातात धरून, आई चहा घेऊन आली, वाटीत बघितलं आणि म्हणाली, "अरे ही हळद हाय की. तुझ्या वडलांचे सदरे धुताना असाच फेस लाल व्हायचा, नंतर खळबळलं की परत पिवळं."

आणि एकदम डोक्यात लख्ख पडलं. हळदीचा रंग साबणाच्या खारानं लाल होतो आणि आंबटानं परत पिवळा होतो, लग्नात हळदीच्या कपड्यांवर साबण लावलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतंय. खात्री करायची म्हणून कापसाच्या काडीवर तो लाल फेस घेतला आणि वर लिंबाचा एक थेंब पिळला. पिवळा धम्मक. गंज असता तर लिंबानं तसा पिवळा झाला नसता. अण्णांचं कामच ते, सौद्याच्या वेळी पोत्यात हात घालून कांडी मोडून बघायची, हरिपूरच्या पेवांवर जायचं, मागं सांगलीची हळद तिथं जमिनीखाली पेवात भरून ठेवायचे, २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं खचली. त्या सगळ्या वर्षांची बारीक धूळ झाकणाच्या खाचेत जाऊन बसलेली, अंधारात असल्यामुळं रंगही टिकलेला. मी जवळजवळ तासभर तसाच बसून होतो, चहा गार झाला.

हे सगळं लिहायचं कारण असं की जुनं घड्याळ साफ करणं म्हणजे काय याबद्दल लोकांची एकच कल्पना असते की चकचकीत करायचं. मला रोज कुणी ना कुणी विचारतं, दादा आजोबांचं घड्याळ सापडलंय, नव्यासारखं कसं करू. आणि मी प्रत्येकाला म्हणतो, आधी काही करू नका, नुसतं बघा. काय मळ आहे, काय गंज आहे, काय त्या माणसाच्या हातानं झालेली झीज आहे आणि काय मधल्या कुठल्या कारागिरानं केलेली वाट आहे, हे वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे, कारण यातलं पहिलं काढायचं असतं, दुसरं थांबवायचं असतं, तिसऱ्याला हात लावायचा नसतो.

हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे गणपती पेठेच्या बाजूला एका दुकानाच्या पायरीला लागून काचेची पेटी टाकून बसतात ते घड्याळजी, वय सत्तरच्या पुढं, मी त्यांना मामा म्हणतो, सगळेच म्हणतात. पहिल्यांदा घड्याळ घेऊन गेलो तेव्हा मी घाईघाईनं चावी द्यायला लागलो तर हात धरला त्यांनी. म्हणाले, "बंद पडलेल्या मोटारीला कोण एकदम फुल्ल रेस देतंय का?" पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेल्या घड्याळातलं तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं किंवा उडून गेलेलं असतं, तशात ते कोरडं चालवलं की बारीक दांड्यांची टोकं झिजतात. म्हणून चार-पाच फेरे, बास. बॅलन्स चक्र, म्हणजे ज्याच्या झोक्यांवर घड्याळ चालतं ते चाक, आपण होऊन हलायला लागलं तर चांगली खूण, नाही लागलं तर हलवून, आपटून, गरम करून चालू करायचं नाही.

मग बघायचं कुठं ते सांगतो, माझ्या क्रमानं. काच आधी. जुन्या घड्याळांना बहुतेक प्लास्टिकची असते, नखानं टिचकी मारली की बद्द वाजते आणि हाताला गार लागत नाही. तिच्यावरचे ओरखडे पॉलिशच्या पेस्टनं, नाहीतर साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं मऊ कापडावर घेऊन दहा मिनिटं घासलं तर आश्चर्य वाटेल इतके जातात. तडा असेल तर नवीन काच, ती महाग नसते. पण त्या काचेला स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका, आतनं कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उठतात आणि मग काही करता येत नाही. खरी काच असेल तर टूथपेस्टनं काही होत नाही, वेळ फुकट जातो.

चावी ओढून काटे फिरवायचे. हाताला थोडा जड, सारखा दाब लागला पाहिजे. सैल लोण्यासारखे फिरत असतील तर आतली घट्ट बसणारी नळी सैल झालीय, असं घड्याळ टिकटिकतं पण काटे मागं राहतात, आणि लोक म्हणतात मशीन खराब. मशीन खराब नसतं. मग कानाशी धरायचं. आवाज टिक-टक-टिक-टक सारखा येतो का लंगडत येतो. जनतासारखं मशीन तासाला १८,००० ठोके टाकतं, म्हणजे सेकंदाला पाच, कान सरावला की कळतं. आता मोबाईलवर त्याची ॲप पण आहेत, घड्याळ माईकजवळ धरायचं, ते ठोके ऐकून दिवसाला किती पुढं-मागं होतंय आणि बॅलन्स किती अंशात झोका घेतोय ते सांगतात. पूर्ण चावी दिलेलं, आडवं ठेवलेलं निरोगी घड्याळ २७० ते ३०० अंशाच्या आसपास झोका घेतं. पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्याला २३०-२४० आला तरी मी खूश असतो. दोनशेच्या खाली गेला की सर्विसिंगशिवाय हातात घालू नका. अण्णांच्या जनताचा रविवारी सकाळी उघडायच्या आधी एकशे ऐंशीच्या आसपास दाखवत होता, पाच मिनिटात बंद केलं.

दिवसाला मिनिटांच्या मिनिटं पुढं पळत असेल तर आधी लोहचुंबकाचा संशय घ्या. हेअरस्प्रिंग म्हणजे बॅलन्सला झोके देणारी केसाएवढी बारीक स्प्रिंग, तिला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ सुसाट पळतं. मोबाईलचा स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटन, एवढं पुरतं. मामांकडं एक छोटं यंत्र आहे, त्यातनं घड्याळ ओढून काढलं की दोन सेकंदात बरं होतं.

झाकण उघडल्यावर मी मशीन बघायच्या आधी झाकणाची आतली बाजू बघतो. जुने घड्याळजी सर्विसिंग केली की तिथं सुईच्या टोकानं बारीक खूण कोरायचे, महिना-वर्ष, कधी आपलं अक्षर. भिंगाशिवाय दिसत नाही. अण्णांच्या झाकणात तीन खुणा आहेत, ७-७९, ५-८४ आणि ११-८८. म्हणजे दोन वर्षांनी, मग पाच, मग साडेचार वर्षांनी, म्हणजे अगदी नियमानं. चार-पाच वर्षांनी तेलपाणी करायचं हा हिशोब त्यांनी पाळलेला. ८८ नंतर काही नाही. ८९ ला माझी ताई बारावी झाली आणि पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली, तिच्यामागं मी. तेव्हापासून अण्णांनी घड्याळाच्या सर्विसिंगवर पैसे घातलेले नाहीत, हे मला रविवारी त्या झाकणातनं कळलं. घरात असं कधी बोलणं झालं नव्हतं.

स्क्रूची डोकी पण बघायची. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं खेळलेलं असेल तर खाचा फाटलेल्या, चकाकत असतात, म्हणजे घड्याळ कुणातरी घाई करणाऱ्याच्या हातात पडलेलं. तेल भरपूर दिसलं तर आनंद मानू नका, काही जण शिलाई मशीनचं तेल ड्रॉपरनं सोडतात आणि तेल सगळीकडं पसरून हेअरस्प्रिंगला पण चिकटतं. मामा तेल सुईच्या टोकावर घेतात, एका ज्वेलला जेवढं द्यायचं ते डोळ्यांनी जेमतेम दिसतं. पॅलेट म्हणजे तो दोन खड्यांचा चिमुकला नांगर असतो त्याच्या दांडीच्या टोकांना तेल द्यायचंच नसतं. आणि ते दोन खडे लाखेनं चिकटवलेले असतात, आपली बांगड्यांची असते तीच लाख शुद्ध केलेली, म्हणून तो भाग स्पिरिटमध्ये भिजत ठेवला की लाख विरघळून खडे हातात येतात. हे मी मशीन घरी धुऊ नका म्हणतो त्यामागचं एक कारण. केस धुवा, झाकण धुवा, स्टीलचा पट्टा रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवा. मशीन ज्याचं काम त्याच्याकडं.

केसबद्दल एक, जुन्या बऱ्याच घड्याळांची केस पितळेची, वर क्रोमचा नाहीतर सोन्याचा मुलामा. त्यावर ब्रासो घासलं की अर्ध्या तासात पिवळं पितळ डोकं वर काढतं. कानांच्या कडा तीक्ष्ण आहेत का गोल झाल्यात बघा, गोल आणि आरशासारख्या चकचकीत असतील तर कुणीतरी बफ मारून धातू खाल्लाय. त्यापेक्षा ओरखडे परवडले.

आता डायल. इथं मला माझीच एक चूक सांगायचीय, सहा वर्षांपूर्वीची, अजून रात्री आठवते. एका मित्राच्या आजोबांचं फाव्र-ल्युबा होतं, स्विस, १७३७ पासूनची कंपनी, आपल्याकडं त्या काळी वकील-डॉक्टरांच्या मनगटावर असायचं ते. चंदेरी डायल, वर बारीक तपकिरी ठिपके. मी म्हटलं जरासं पुसावं, कापसाची काडी पाण्यात बुडवून, पिळून, अगदी हलक्या हातानं खालच्या कडेला फिरवली. ठिपके गेले नाहीत. स्विस मेड ही अक्षरं गेली. काडीवर काळा डाग आणि डायलवर कोरी जागा. डायलवरची अक्षरं फार पातळ शाईची असतात, त्यावर लॅकरचा थर, तो जुना होऊन फुटलेला असतो, पाणी लागलं की सगळंच सुटतं. मित्र काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून डायलला पाणी नाही, थुंकी नाही, कोरडा कापूसपण नाही. रबरी ब्लोअरनं वाऱ्याचा फुसकारा, आणि फारतर तो हिरवा लगदा मिळतो घड्याळाच्या सामानाच्या दुकानात, त्यानं धुळीचा कण टिपून घ्यायचा. तोंडानं फुंकर मारायची नाही, ओल जाते.

आणि आकडे जर जुन्या चमकणाऱ्या रंगाचे असतील, तपकिरी झालेले, तर जास्तच जपा. साठच्या दशकापर्यंतच्या कितीतरी स्विस घड्याळांत तो रंग रेडियमचा असायचा. अंधारात आता चमकत नाही म्हणून लोक समजतात रेडियम संपलं, पण संपतो तो त्यातला चमकणारा पदार्थ, रेडियम निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. हातात घालायला फार भ्यायचं कारण नाही, पण काच काढून ती पूड खरवडायची नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडायचं नाही, मुलं आसपास नकोत आणि नंतर हात स्वच्छ धुवायचे. एक रिटायर्ड फौजी काका तसलं जुनं स्विस घेऊन आले होते, मी झाकण न उघडताच त्यांना हात जोडले आणि मामांकडं घेऊन गेलो.

डायलचं दुसरं दुखणं म्हणजे रंगवून घेतलेल्या डायली. माझ्या आतेभावानं वडलांचं घड्याळ एका मोठ्या शहरातल्या दुकानात सर्विसिंगला दिलं, नाव नको, तर त्यांनी विचारलं नाही सवरलं नाही, जुनी मलईच्या रंगाची डायल घासून त्यावर निळा रंग मारून दिला, वर नवी अक्षरं. भाऊ खूश होऊन दाखवायला आला. मला बोलवेना. अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुंट्यांच्या समोर येत नाहीत, कडेला रंगाचा ओघळ. ऑनलाइन जी स्वस्तात गुलाबी, हिरवी, झेंड्याच्या रंगाची जुनी घड्याळं मिळतात ती बहुतेक अशीच असतात, तीन घड्याळांचे भाग जोडून, डायल रंगवून, केसला बफ मारून. चालतात, वेळ दाखवतात, ज्याला आवडतं त्यानं जरूर घ्यावं. पण जुनं म्हणून जादा पैसे मोजू नयेत. आणि घरातल्या माणसाचं घड्याळ असेल तर डायलला रंग लावू देऊ नका, देताना चिठ्ठीवर लिहून द्या, डायलला हात लावायचा नाही.

यावरनं बापूकाकांचं सांगतो. काकांचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची, तेव्हा काकांच्या घरात माणूसभर पाणी होतं. काका-काकू मिरजेला आमच्या आत्याकडं होते, दहा दिवसांनी परत आले. शोकेसच्या ड्रॉवरमध्ये काकांचं एचएमटी पायलट, काळी डायल, पांढरे आकडे, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात घेतलेलं. ड्रॉवर चिखलानं भरलेला. त्या दिवसात घड्याळाकडं कोण बघणार, घरातली भांडी आणि कागद वाचवायची मारामार. काकूंनी धुऊन, उन्हात ठेवून, मग कुणीतरी सांगितलं म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलं. माझ्याकडं आलं ते दिवाळीत.

तांदळाबद्दल कळकळीनं सांगतो, तांदळानं घड्याळातलं पाणी निघत नाही. पाणी गेलं की स्टीलच्या भागांवर काही तासांत गंज धरायला लागतो. पितळेच्या पट्ट्या, चाकं टिकतात, पण चावीची दांडी, बारीक स्प्रिंगा, स्क्रू, दात्यांच्या दांड्या हे सगळं स्टील. काचेच्या आत धुकं दिसलं की त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, उघडून घ्यायचं, आणि घड्याळजीच मिळत नसेल तर निदान झाकण काढून ठेवायचं.

काकांचं झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा आत कृष्णेचा गाळ, वाळून पापुद्रा झालेला, मेंदीसारखा. चावीची दांडी गंजून आतच मोडली. हेअरस्प्रिंगवर तांबडे ठिपके. गंजलेली हेअरस्प्रिंग साफ होत नाही, घासली तर कमजोर होते, घड्याळ कधी नीट चालत नाही. पण काकांच्या पायलटमध्ये आणि त्या काळच्या जनतात मशीन एकच, ०२३१. मामांनी एका फुटक्या जनतातनं अख्खा बॅलन्स काढून बसवला, दांडी नवी टाकली, मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळली जाते ती) बदलली, बाकी चाकं धुऊन तीच. दोन महिने लागले. मामांनी पैसे सामानाचेच घेतले, पुराचं घड्याळ म्हणून.

डायलवर मात्र एक रेघ आहे. घड्याळ ड्रॉवरमध्ये तिरकं पडलेलं असणार, त्यामुळं दोनपासून आठपर्यंत तिरकी, वरचा भाग काळा कुळकुळीत आणि रेघेच्या खाली करडा, मातकट, पाचचा आकडा निम्मा गेलेला. आमच्या गावभागात घराघरांच्या भिंतींवर जशी पाण्याची रेघ आहे अगदी तशी. काका म्हणाले, "नवीन डायल टाक की रे, मिळतीया की." मिळते, खरंय. मी म्हटलं काका, डायल सुटी करून देतो, पाहिजे तेव्हा बदलू, पण आठ दिवस हीच घाला. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाले राहू दे. पुढं २०२१ ला परत पाणी चढायला लागलं तेव्हा काकांनी पहिल्यांदा घड्याळ खिशात घातलं आणि मग वीज मंडळाची बिलं गोळा केली, हे काकू सांगतात. दिवसाला चाळीसेक सेकंद मागं पडतं. काका सकाळी बातम्यांना जुळवून घेतात.

तर परत अण्णांच्या जनताकडं. मळ काढला. काढायलाच पाहिजे होता, घामाचं मीठ आणि ओल धरून ठेवणारा मळ क्रोम खातो, कानांच्या खाली दोन ठिकाणी मुलामा उठायला लागलाच होता. कापसाच्या काडीवर लिंबू पिळलेली ती पिवळी हळद आईनं मागून घेतली, कुठं ठेवलीय मला माहीत नाही. टोकदार लाकडी काडीनं खाचा कोरल्या, ब्रश, कोमट पाणी, परत ब्रश, मग मऊ कापडानं पुसून पंख्याखाली रात्रभर. काचेचे ओरखडे घासले नाहीत. तिनाच्या आकड्यावर एक मोठा आडवा ओरखडा आहे, अण्णांचा हात वखारीच्या लोखंडी दाराला लागला होता त्या दिवशीचा, तेव्हा हाताला टाके पडलेले. डायलवर सहाच्या खाली चहाच्या रंगाची झाक आहे, ती पण तशीच. पट्टा तेवढा नवीन घालणार, जुना कुजलाय.

बुधवारी मशीन मामांकडं दिलं. त्यांनी झाकण उलटं करून डोळ्याला आयग्लास लावला, तिन्ही तारखा बघितल्या आणि म्हणाले की ही शेवटची जागा बघून कोरलीय, खाली पुढच्यासाठी मोकळी सोडलीय. तेल, मेनस्प्रिंग, तीन आठवडे म्हणालेत. मी सांगितलंय की ११-८८ च्या खाली या महिन्याची तारीख टाका.